अठरा सेकंद

“भिवाकडे? दुसरा मजला, शेवटची खोली,” नळावर तोंड धुणारा माणूस म्हणाला. “मी त्याचा सख्खा भाऊ, लहू. पण त्याच्या दारात पाय ठेवत नाय मी.”

“का?” उत्तर माहीत असूनही रमाकांतने विचारलं.

“मी मिलमध्ये बदली होतो. कोण रजेवर गेला की त्याच्या जागी. जीव तोडून काम करायचो, कायम करतील म्हणून. तेवढ्यात याने साहेबांना हात चालवून दाखवले. चौघांचं काम दोघांवर आलं, बदल्यांना घरी बसवलं. संप नंतर झाला, माझं आधीच आटपलं होतं.”

रमाकांत मान खाली घालून जिना चढला. सहा वर्षं त्याने डिलाईल रोडची ही चाळ टाळली होती. संपात त्याचीही नोकरी गेली, रिकामपण आलं, आणि मग मन खायला लागलं.

भिवाने त्याला ओळखलं नाही. भिवाच्या बायकोने, शांतावहिनींनी, स्टोव्हवर चहा ठेवला. भिंतीवर वहिनींच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, खाली ते गेले ती तारीख रंगवलेली.

“मी मिलमध्ये कामाची वेळ मोजायचो,” रमाकांत म्हणाला. “तुटलेला धागा जोडायला तीस सेकंद धरलेले होते. प्रत्यक्षात किती लागतात ते बघून नवा अंदाज मांडायचा होता. विणकराला कळता कामा नये असा हुकूम. मी तुमच्या मागांपाठी खांबाआड उभा राहिलो. नजर फक्त घड्याळावर आणि हातांवर. पाळीभर, दर धाग्याला अठरा सेकंद.”

भिवाने त्याच्यापुढे पाट सरकवला.

“दमण्याची, पाणी प्यायची सवड धरायला हवी होती. मी धरली नाही. मागांच्या नंबरावरून तुमचं नाव टाकलं आणि तो आकडा सगळ्यांच्या बोकांडी बसला. लोक तुम्हाला साहेबांचा माणूस म्हणाले, तरी मी गप्प बसलो. फार लाज वाटते मला.”

त्याने पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला. “हा मूळ कागद. तारीख, पाळी, माझी सही. लहूला दाखवतो, अख्ख्या चाळीला दाखवतो. चोरून मोजलं हे कळू दे त्यांना.”

भिवाने कागद घेतला. सावकाश वाचला. मग फोटोखालच्या तारखेकडे पाहिलं.

“लहूने बघितला हा?”

“अजून नाही.”

शांतावहिनींनी चहा उतरवला. भिवाने उठून कागदाचं टोक स्टोव्हच्या जाळावर धरलं. रमाकांत पुढे झाला, पण तोवर कागद निम्मा जळला होता.

“अहो, सख्ख्या भावाने टाकलंय तुम्हाला. तुमच्या सुटकेचा एवढा एकच पुरावा होता.”

“त्या दिवशी मी गावी होतो, सासऱ्यांच्या उशाशी,” भिवा म्हणाला. “माझ्या जागी लहू उभा होता.”