पुराच्या सालचा निरोप

बनाबाई सिस्टरच्या बाराव्याची जेवणं उरकत आली होती, तेव्हा एक म्हातारी दारात आली. गडहिंग्लजच्या पुढच्या एका खेड्यातनं, दोन एस्ट्या बदलून. फोटोपुढं तिनं डोकं टेकलं आणि तिथंच फरशीवर बसली.

"मी रत्नव्वा," ती म्हणाली. "अक्कांनी मला मरणाच्या दारातनं वडून आणलीया."

असं म्हणणारी ती पहिली नव्हती. सकाळपासून माणसं येत होती. बनाबाई चौतीस वर्षं सरकारी नर्स. कुणाचं बाळंतपण, कुणाला विंचवाची सुई, कुणाच्या सासूची जखम. रिटायर झाल्यावरही पिशवीत सिरिंज टाकून त्या घरोघर जायच्या. त्यांची मुलगी क्रांती प्रत्येकाचं ऐकून घेत होती. नवरा गणपतराव, ब्याऐंशी वर्षांचे, खुर्चीत बसून नुसती मान हलवत होते.

"पुराचं साल हुतं," रत्नव्वा सांगू लागली. "पोटात पोर आडवं. दोन दिस झालं, सुटंना. गडहिंग्लजला न्यावं तर रस्त्यावर पाणी. अक्का माझ्याजवळनं उठल्या न्हाईत. घरनं माणूस आला, लेकराला झटकं येत्यात, चला म्हणून. तरीबी उठल्या न्हाईत."

रत्नव्वाला पाणी द्यायला वाकलेली क्रांती तशीच थांबली.

"कोण माणूस?" गणपतरावांनी विचारलं. सकाळपासून ते आत्ता पहिल्यांदा बोलले.

"दीर हुता त्यांचा. कमरंपातूर भिजलेला. दारातनंच म्हणाला, 'वैनी, चला.' अक्का म्हणाल्या, 'हिला आत्ता सोडली तर दोघंबी जातील. हिचं सुटलं की निघते.' त्यो म्हणाला, 'मग दादाला काय सांगू? त्यो मला फाडून खाईल.' तर म्हणाल्या, 'गाठच पडली न्हाई म्हणून सांगा. आल्यावर मी समजावीन त्यास्नी.'" रत्नव्वानं पदरानं डोळे पुसले. "सांजंला मला पोरगी झाली. आता कागलला मास्तरीण हाय. आणि तुमचं लेकरूबी बरं झालं, न्हवं? मी दर खेपंला इचारायची, अक्का 'व्हय' म्हणायच्या. कुठं असतंय आता ते?"

क्रांतीनं वडिलांकडं बघितलं.

क्रांतीचा धाकटा भाऊ विलास तेव्हा तीन वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बनाबाई घरी पोचल्या तेव्हा त्याला शेताच्या बांधाला पुरून माणसं परत आली होती. क्रांती तेव्हा सहा वर्षांची. आईची चिखलानं भरलेली साडी तिला आठवत होती, आणि खाली मान घालून उभा राहिलेला केरबाकाका. "अर्ध्यातनं माघारी आलो, दादा. पाणी लई हुतं. वैनीची गाठ पडली न्हाई." गणपतरावांनी सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात मारली होती. आई बघत होती. तिनं तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटला नव्हता.

त्या दिवसापासून गणपतराव सख्ख्या भावाशी बोलले नाहीत. एका गल्लीत एकेचाळीस वर्षं. तीन वर्षांमागं केरबा गेला, तेव्हाही तिरडी दारावरनं पुढं जाईपर्यंत ते कडी लावून आत बसून होते.

"पुण्याला असतोय," क्रांती रत्नव्वाला म्हणाली. "बरा हाय."

"देव त्याला औक्ष देवो," रत्नव्वा म्हणाली आणि पाणी प्यायली.

गणपतराव उठले. पायांत काही न घालता बाहेर पडले. क्रांती मागनं धावली, पण त्यांनी तिचा हात झटकला. भर उन्हात ते गल्लीच्या टोकाला केरबाच्या घरापुढं जाऊन उभे राहिले. केरबाची बायको झुंबरबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. थोरल्या दिराला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला. ती उठली नाही.

"झुंबर," गणपतराव म्हणाले, "केरबा पोचलता तितं."

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"ठावं हुतं की."

"मग मला कुणीच कसं सांगितलं न्हाई?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. "त्यानं माझा मार खाल्ला. मी त्याला खांदा दिला न्हाई, झुंबर. सख्खा भाऊ माझा. मी त्याला खांदा दिला न्हाई."

झुंबरबाईनं हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. मग बोलली.

"ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात जाऊबाई रोज सुई द्यायला यायच्या. तुमी दुपारचं आडवं झालासा की. सुई द्यायच्या आणि म्हणायच्या, 'भावजी, आता सोसत न्हाई. आज मी त्यास्नी सांगतेच.' दोन महिनं रोज म्हणाल्या. आणि हे रोज हात जोडायचं."

"काय म्हणायचा त्यो?"

"म्हणायचं, 'नको, वैनी. ल्योक गेला, भाऊ गेला. आता तुमीबी त्याच्या मनातनं उतरलासा, तर दादा एकटा पडंल.'"