भरलेली डिस्क

वळ गावच्या गोदामात फोन गेटवरच्या पेटीत ठेवूनच आत जायचं. एके दिवशी त्या पेटीतच सुगतचा फोन वाजून वाजून थांबला होता आणि घरी त्याची लेक क्षितिजा दम्याच्या झटक्याने एकटीच वारली होती.

आज सुगतच्या गाड्यांची बिलं काढायच्या कॉम्प्युटरची डिस्क पुन्हा भरली. अँटिव्हायरस टेम्पररी फाइल्सचा नुसता ढीग लावत होता. सुगतने शेवटी अँटिव्हायरसच काढून टाकला. तरी फाइल्स येतच राहिल्या.

"सुगत, गाड्या खोळंबल्यात रे!" मॅनेजर ओरडला.

वैतागून सुगतने एक फाइल उघडली. स्पीकरमधून क्षितिजा धापा टाकत म्हणाली, "पप्पा, फोन उचला ना."

दुसरीतही तेच. तिसरीतही.

मॅनेजर पुन्हा ओरडला. सुगतने डोळे मिटून सगळ्या फाइल्स पुसल्या.

डिस्क रिकामी झाली. बंद स्पीकरमधून आवाज आला, "पप्पा, आजपण न्हाय उचलला?"