स्टोरेज फुल

बाबांच्या फोनचं स्टोरेज फुल झालं, म्हणून रविवारी मी त्यांचे सगळे फोटो माझ्या कॉम्प्युटरवर घेतले. फोटो तरी कसले! बोरिवली स्टेशनबाहेरचा रिक्षास्टँड, कोपऱ्यावरचं मेडिकल, आमच्या सोसायटीचं गेट, लिफ्टमधलं चौथ्या मजल्याचं बटण, दारावरची आमच्या नावाची पाटी. तेच तेच, कधी उन्हातले, कधी पावसातले.

"बाबा, एवढ्या फोटोंत माणसाचा एक फोटो नाही!" मी वैतागले.

"फोनमध्येच राहू दे ना गं ते," बाबा पुटपुटले.

"कॉम्प्युटरवर आहेत ना सगळे, जातायत कुठे?" म्हणत मी त्यांचा फोन साफ करून टाकला.

सोमवारी दुपारी मी अंधेरीला ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"गार्गी, ते फोटो आत्ता परत पाठवता येतील का गं?"

"आत्ता कसे पाठवू? कॉम्प्युटर घरी आहे, बाबा. संध्याकाळी आल्यावर टाकते. एवढं काय अडलंय?"



 

"ते बघत बघतच मी घरी येतो गं."