ट्यूनाची मोजणी

जळगावच्या एका ऑफिसात बसून सारिका दूरच्या महासागरातली मासेमारी तपासायची. जहाजांवरच्या कॅमेऱ्यांचं महिना-दोन महिन्यांपूर्वीचं चित्रण तिच्यापुढे यायचं. ट्यूना किती ओढले, बंदी असलेला शार्क गळाला लागला तर तो जिवंत सोडला की नाही, याची ती नोंद करायची. भुसावळच्या पलीकडे कधी न गेलेल्या सारिकाला आपण समुद्र राखतोय याचा फार अभिमान होता.

त्या दुपारी पडद्यावर एका खलाशाचा पाय गळाच्या दोरीत अडकला आणि बघता बघता तो कठड्यावरून पाण्यात ओढला गेला. तिने चित्रण तीनदा मागे नेऊन पाहिलं. त्याच्या शेजारच्या दोघा खलाशांनी एकदा वाकून पाहिलं आणि ते पुन्हा मासे ओढू लागले. जहाज थांबलं नाही.

तिने वरिष्ठांना, प्रेमराजभाऊंना बोलावलं. पाहून त्यांच्या तोंडून घरचीच अहिराणी निघाली.

"बहीन, आपलं काम मासा मोजानं शे."

"मग हा माणूस कोणी मोजायचा, भाऊ?"

सारिकाने दिवस, वेळ, सगळं लिहून, व्हिडिओ जोडून, मासेमारीवर देखरेख करणाऱ्या परदेशातल्या कार्यालयाला पाठवलं. नवव्या दिवशी उत्तर आलं.



"तक्रार तपासली. जहाजाने कोणताही नियम मोडलेला नाही. त्या दिवशी जीव गेलेल्यांत बंदी असलेला एकही मासा नव्हता."