वॉर्निशच्या आतला ठसा

ओट्यामागच्या भिंतीवर नवऱ्याने तांब्याचा पत्रा बसवला, घासून लख्ख केला आणि काळा पडू नये म्हणून वॉर्निशचा हात दिला. सकाळी पत्र्यावर पंजाचा काळपट ठसा होता.

"हात लावलास ना?" तो बायकोवर वैतागला.

"मी कशाला लावू? अजून चहासुद्धा टाकला नाहीये."

ठसा पुसला जाईना; तो वॉर्निशच्या आत होता. चडफडत त्याने सगळं खरवडून काढलं आणि नव्याने वॉर्निश लावलं. ते सुकेपर्यंत दोघं समोरच खुर्च्या टाकून बसले. पत्रा स्वच्छच राहिला.

"झालं समाधान?" ती उठत म्हणाली.

तेवढ्यात पत्र्यावर आतून हळूहळू एक पंजा उमटला. शेजारी दुसरा. मग दोन्हींच्या मधोमध, काचेला डोकं टेकवून कुणी पलीकडे बघावं तसं, एक कपाळ उमटू लागलं.