पार्वताबाईंचा सालदार

"बाबा, हा गडी तुम्हाला मिळाला तरी कुठून?" साधनानं अकोल्याहून फोनवर पुन्हा विचारलं.

"गावातलाच हाये. भरोशाचा हाये," म्हणून सूर्यभाननी फोन ठेवला.

तिला नवल वाटलं ते उगीच नाही. कापसाला भाव नव्हता. चांदूर रेल्वेच्या त्या पट्ट्यात भल्याभल्यांनी बैल विकून सालदारांना निरोप दिला होता. बाबांनीही शेत मक्त्यानं दिलं होतं. आता नांगर नाही, बैल नाही, आणि वर्षाच्या बोलीवर गडी ठेवायचा? तोही म्हणे आईसाठी. नाकापेक्षा मोती जड!

पण आईचा प्रश्न खरोखरच अवघड झाला होता. पार्वताबाई आधी नावं विसरल्या, मग माणसं. लेकीला नणंद समजत. नवरा जवळ आला की परका पुरुष घरात शिरला म्हणून ओरडत, ताट भिरकावत. अमरावतीहून पगारी बाई आणली, तिला काठी दाखवून हाकललं. पुण्याचा धाकटा भाऊ पियुष उंटावरून शेळ्या हाकत होता. म्हणे, आईला अमरावतीच्या वृद्धांच्या काळजी केंद्रात ठेवू, खर्च निम्मा निम्मा. साधना ठेव मोडायला तयार झाली. पाडवा झाला की न्यायचं ठरलं. मन मात्र तयार होत नव्हतं.

आणि मधेच हा गडी उपटला. आई त्याच्या हातचं जेवते, निवांत झोपते. शेजारच्या कौशल्याकाकूंना विचारलं, तर त्या काही सांगेचनात. येऊनच पाहा म्हणाल्या.

पाडव्याला साधना निघाली. माणूस चांगला असेल तर केंद्राचे पैसे त्यालाच द्यायचे आणि आईला घरातच राहू द्यायचं, असं तिनं गाडीतच ठरवलं.

ओसरीवर आई खाटेवर बसली होती. लुगडं स्वच्छ, केस विंचरलेले. खाली जमिनीवर डोक्याला दुपट्टा बांधलेला एक माणूस पाठमोरा बसला होता. पाडव्याला सालदाराची नव्या वर्षाची बोली होते, एवढं आईला बरोबर आठवत होतं.

"काय घेशीन यंदा?" तिनं मालकिणीच्या तोऱ्यात विचारलं.

"दोन टाईम जेवन द्या, मालकीनबाई. लय झालं."

आवाज ऐकून साधना दारातच थबकली. गडी वळला. बाबा होते. त्यांनी तिला नजरेनंच गप्प राहायला सांगितलं. जन्मात कुठल्या सालदाराला खाटेवर टेकू न देणारा माणूस जमिनीवर हात जोडून बसला होता. साधनाला रडू आवरेना.

आई पुढं वाकली. आवाज अगदी हळू केला.

"आमचे मालक मले सोडून कुठी गेले, कोन जाने. तू तं नाही जाशीन ना?"