खाणीतले सोयरे

लटारीच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या साली कोळशाची खाण बंद झाली. जनसुनावणीत लोकांनी नोकऱ्या मागितल्या, पाणी मागितलं. म्हातारा लटारी उठून म्हणाला, "साहेब, खाणीच्या तोंडाशी भिंत घालाल, तं आतले उंदीर कुठून निघतीन?"

मंडप हसला. लटारी हसला नाही. जमिनीखाली भाकरीचा पहिला तुकडा उंदरांचा, हा खाणीतला रिवाज. डब्याचं झाकण वाजवलं की ते जमत. एकदा तुकडे तसेच टाकून ते पळाले, म्हणून त्यांच्यामागे लटारीची टोळीही पळाली, आणि पाठीमागे छत कोसळलं.

"भिंत उद्या दुपारी, आजोबा," साहेब म्हणाले. "तोवर बोलवून घ्या तुमच्या पाहुण्यांना."

सकाळीच लटारी भाकर घेऊन खाणीच्या तोंडाशी बसला आणि झाकण वाजवू लागला. ऊन चढलं, हात भरून आला, तरी एक उंदीर निघेना. तेवढ्यात बायको आली. 'माझ्या भाकरी उंदरांच्या नरड्यात' म्हणून जन्मभर कुरकुरलेली.

"असं वाजवतेत का कोणी? सरका तिकडं!" तिनं झाकण ओढून घेतलं आणि दगडावर दणादणा बडवलं.

काळोखातून आधी मिशा दिसल्या, मग एक उंदीर, मग त्यांची रांगच लागली.

"घ्या, आले तुमचे सोयरे!" ती म्हणाली आणि उरलेली भाकर तिनंच कुस्करली. लटारीनं डोळे पुसले. गवंड्यानं पहिली वीट ठेवली.

त्याच साली, पोरं लाकडी बैल मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लटारी वारला.